स्कूटरच्या आडोशाने

आमची पोरगी सायकलच्या शर्यतींमागे लागली तेव्हा घरात मलाही एक काम मिळालं. पहाटे तिच्यामागून स्कूटर चालवायची, सातपूरहून त्र्यंबक रस्त्याने लांबवर आणि परत. ट्रकवाल्यांना ती दिसत नाही, मी दिसतो. माझ्या आकारमानाचा घराला झालेला हा पहिलाच उपयोग.

कोचसरांनी बजावलं होतं, "काका, कायम मागे राहायचं."

पंधरा दिवस राहिलो. पण जाताना वारा समोरून यायचा. ती मान खाली घालून झगडायची आणि मागून मला तिची धाप ऐकवेना. एका सकाळी स्कूटर पुढे घातली. वारा माझ्या पोटावर अडला, ती मागून मस्त पळाली. मग रोजच तसं. वेळ कमी होत गेली, ती सरांना कळवत गेली, सर खूश. मी कारखान्याच्या कँटीनमध्ये तिची वेळ अशी सांगायचो, जणू पायडल मीच मारतोय.

मला वाटायचं, दोन-चार शर्यती जिंकल्या की झाली व्यावसायिक. आता तसं नसतं. बाहेरचे संघ आधी आकडे बघतात, पोरगी नंतर. पायांनी किती जोर लावला हे मोजणारं मीटर सायकलला बसवायचं, एकटीने वीस मिनिटं जीव तोडून चालवायचं, नोंद पाठवायची. आकडा बसला तर शिबिराला बोलावणं. ज्युनियर गटातलं तिचं हे शेवटचं वर्ष. पुढे कोण विचारणार?

सरांनी मीटर कुठूनसं उसनं आणलं. चाचणी त्याच रस्त्यावर झाली. मला चहाच्या टपरीवर बसवलं होतं. ती आली. सरांनी स्क्रीन पाहिली, परत पाहिली.

"मीटर बिघडलंय का?" मी विचारलं.

"नाही काका. रोजच्या वेळेशी हे जुळत नाही." मग तिला म्हणाले, "सरावात कुणाच्या मागे चालवतेस का गं?"

"नाही सर. एकटीच असते."

तोंड उघडायची वेळ माझी होती. उघडलंही. टपरीवाल्याला म्हणालो, "अजून एक कटिंग दे."

संघाचा नकार दोन ओळींत आला.

त्या संध्याकाळी ती साखळी पुसत बसली होती. मी म्हटलं, "माझ्यामुळे झालं हे. वाऱ्याशी भांडायचं काम तुझं होतं."

"मला कळत होतं, पप्पा. आडोशाला सोपं जातं हे पहिल्या आठवड्यातच शिकवतात. पण बरं वाटायचं, म्हणून बोलले नाही."

"मग सरांना जाऊन सांगा ना दोघं," बायको म्हणाली.

"सांगून काय, आई? आकडा तोच राहणार."

दुसऱ्या पहाटे मी हेल्मेट घेऊन उभा राहिलो. "तुम्ही झोपा," ती म्हणाली. रागावून म्हणाली असती तर मी वाद तरी घातला असता.

ती अजून जाते, मागे लाल दिवा लावून, एकटीच. यायला बराच उशीर होतो. चहा पुन्हा गरम करावा लागतो. किती वेळ लागला, हे आम्ही कोणी विचारत नाही.