गाडीच्या मागची जागा

अमेरिकेतल्या शॉमबर्ग गावच्या मराठी मंडळींत आसावरी मुंडलेचं नाव निघालं की लोक आधी तिच्या वांगीभाताबद्दल बोलतात आणि मग तिच्या आवाजाबद्दल. आवाज खणखणीत. गणपतीत माइक बंद पडला तर आसावरीला उभी करा, अशी थट्टा चालायची, आणि ती खरंच उभी राहायची. मूळची नागपूरची, धरमपेठेतली. लग्न करून अमेरिकेत आली तेव्हा व्हिसाने नोकरी करू दिली नाही, मग मुलं लहान म्हणून राहून गेलं, आणि पुढे गावच्या लायब्ररीत अर्धवेळ काम मिळालं, ते तिने केस पांढरे होईपर्यंत केलं. नवरा मोरेश्वर पुण्याचा. इन्शुरन्स कंपनीत प्रोजेक्ट मॅनेजर. आता मॅनेजर माणूस, त्यात पुण्याचा, म्हणजे दुसऱ्याचं ऐकून घ्यायचा प्रश्नच नाही. घर कुठलं घ्यायचं, मुलाला, ऋषीला, कुठल्या कॉलेजात घालायचं, भिंतींना रंग कोणता, सगळं त्याने ठरवलं आणि आसावरी "बरं" म्हणाली.

फक्त एका जागी मोरेश्वर तिचं मुकाट ऐकायचा. ती जागा म्हणजे आरव्हीच्या मागची.

आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर. पुढे ड्रायव्हर, मागे पलंग, मधे शेगडी, फ्रिज आणि एवढासा संडास. सरळ रस्त्याला ती कोणीही चालवेल. पण नॅशनल पार्कातल्या कॅम्पग्राउंडमध्ये झाडाझुडपांतून एकेक अरुंद जागा मिळते आणि तिच्यात हे धूड उलटं घालावं लागतं. ड्रायव्हरला मागचं काही दिसत नाही. मग कोणीतरी मागे उभं राहायचं, आरशात दिसेल असं, आणि हात करायचे. मुलं लहान होती तेव्हापासून दर उन्हाळ्यात मुंडले मंडळी भाड्याची आरव्ही घेऊन पश्चिमेकडच्या डोंगरांत जायची, आणि मागे कायम आसावरी. "या, या, या. डावीकडे. अहो, तुमची डावी. या... बास." बास म्हणताना पंजा वर. पंजा वर गेला की मोरेश्वरचा पाय ब्रेकवर. अर्धं कॅम्पग्राउंड तमाशा बघायला बाहेर यायचं, मोरेश्वर लालबुंद होऊन खाली उतरायचा, आणि चहा होईपर्यंत दोघांची वादावादी चालायची. पण गाडीला कधी फांदीसुद्धा घासली नाही. याचा आसावरीला अभिमान होता. तिने तो कोणाला बोलून दाखवला नव्हता, कारण बोलून दाखवण्यासारखं ते काम आहे असं कोणाला वाटलं नसतं.

रिटायर झाल्यावर मोरेश्वरने एक जुनी आरव्ही विकतच घेतली. गेल्या जूनमध्ये दोघं निघाली. साउथ डकोटाच्या बॅडलँड्सला पहिला मोठा मुक्काम. जागा तिरकी, ऊन रणरणतं, मोरेश्वर थकलेला. तो चाक भलतीकडेच फिरवायचा आणि आसावरी मागून ओरडायची. शेवटी तो खिडकीतून डोकं बाहेर काढून ओरडला की मला तुझं काही कळत नाहीये.

तेवढ्यात पलीकडच्या आरव्हीतून एक बाई आली. साठीची, जीन्स, आखूड पांढरे केस. मराठीत भांडण ऐकू आलं म्हणून आले, म्हणाली. तिने आसावरीला हाताने जरा बाजूला केलं, मागे जाऊन उभी राहिली आणि एक अक्षर न बोलता दोन्ही हात वर धरले. डावा हलला, उजवा हलला, दोन्ही थांबले. मोरेश्वरची गाडी एका दमात आत. आणि तो खाली उतरला तो हसत. हसत! वीसेक वर्षांत हा माणूस गाडी लावून हसत खाली उतरला नव्हता.

तिचं नाव पद्मिनी. राहायला टेक्ससला, फ्रिस्कोत. नवरा आहे, प्रसाद नावाचा, पण त्याला डास चावतात म्हणून तो घरी बसून क्रिकेट बघतो आणि ही एकटी गाडी घेऊन दोन-दोन महिने हिंडते. तिचाही रस्ता तोच निघाला, बिगहॉर्नच्या डोंगरांवरून यलोस्टोन. मोरेश्वर लगेच म्हणाला, बरोबरच जाऊ की. आसावरीला कोण विचारतो.

त्या दिवसापासून आसावरीच्या पोटात जे दुखायला लागलं ते थांबेना. आधी नावावरून. पद्मिनी मोरेश्वरला सरळ "मोरेश्वर" म्हणायची. आसावरीने उभ्या जन्मात त्याला "अहो"शिवाय हाक मारली नव्हती, आणि ही कोण टिकोजीराव दोन दिवसांत नावावर आली! मग डोंगर लागला. बिगहॉर्नचा उतार म्हणजे वळणावर वळण, एका बाजूला कडा, दुसऱ्या बाजूला काही नाही. वर थांबले असताना पद्मिनीने सांगितलं, उतरताना ब्रेक दाबून धरू नका, गिअर खाली टाका. मोरेश्वर म्हणाला, वा, काय सांगितलंत. आता हेच, अगदी हेच, आसावरीने त्याला कोलोरॅडोत सांगितलं होतं, ब्रेकचा जळका वास आला तेव्हा. तेव्हा तो म्हणाला होता, तू जरा गप्प बस, मला चालवू दे. आता खाली पोचेपर्यंत तो गिअरचं कौतुक करत होता आणि ही खिडकीबाहेर तोंड करून बसली होती.

आणि संध्याकाळी मुक्कामाला पोचलं की पद्मिनी आपली जाऊन मागे उभी. आसावरी आत राहायची. कांदा चिरायची आणि खिडकीतून बघायची. मोरेश्वर आरशात बघतोय, पद्मिनीचे हात हलतायत, ना आरडा ना ओरडा. कॅम्पग्राउंडमधलं कोणी बघायलासुद्धा येत नव्हतं. "बोलत नाही गं ती, नुसता हात," मोरेश्वर रोज सांगायचा, जणू आसावरीला ते दिसत नव्हतं. आसावरीला वाटायचं, हे म्हणजे आपल्या अंगणात दुसऱ्या कोणी रांगोळी काढावी आणि घरच्यांनी आपल्यालाच ती बघायला बोलवावं तसं झालं.

बरं, बाई वाईट असती तरी एक होतं. मनसोक्त नावं ठेवता आली असती. पण पद्मिनी आसावरीचं जेवण बोटं चाटून जेवायची, भांडी घासून द्यायची, एकदा तर तिने आसावरीच्या गुडघ्याला तेल चोळून दिलं. तेल चोळून घेताना आसावरी मनातल्या मनात बोटं मोडत होती आणि वरून "राहू दे हो, कशाला" म्हणत होती. पद्मिनी सारखी एकाच गोष्टीबद्दल बोलायची. यलोस्टोननंतर ती ग्लेशियर नॅशनल पार्कला जाणार होती. तिथल्या तळ्याकाठची एक जागा तिला कित्येक वर्षं मिळत नव्हती, बुकिंग उघडलं की क्षणात संपायचं. यंदा मिळाली होती. ती सांगताना तिचे डोळे लहान पोरीसारखे व्हायचे आणि आसावरी म्हणायची, छान हो.

यलोस्टोनला पोचले तेव्हा दुपार कलली होती. मोरेश्वरची गाडी लावून झाली, अर्थात पद्मिनीच्या हातांनी, आणि तो पाण्याच्या नळाकडे गेला. पद्मिनी स्वतःची गाडी नेहमी मागच्या कॅमेऱ्यात बघून लावायची. त्या दिवशी कॅमेऱ्याचा पडदा काळाच राहिला. तिने खिडकीतून हाक मारली. "आसावरी, जरा मागे उभ्या राहता का?"

आसावरी गेली. उभी राहता राहताच तिला तो दगड दिसला. गुडघाभर उंचीचा, उजव्या कोपऱ्याशी, वाढलेल्या गवतात. पद्मिनीला तो दिसणं शक्य नव्हतं. आसावरीने दोन्ही हात वर केले, पद्मिनी करते तसे, तोंडातून चकार शब्द नाही. गाडी मागे यायला लागली. आरशात पद्मिनीचा चेहरा दिसत होता, तिच्या हातांकडे लावलेला, निर्धास्त. डावीकडे, सरळ, ये. थांबायची वेळ आली.

तिने पंजा उचलला नाही. विसरली नाही, गडबडली नाही, पाय घसरला नाही. दगड दिसत होता, गाडी दिसत होती, मधलं अंतर संपताना दिसत होतं आणि तिने पंजा उचलला नाही. कडकड आवाज झाला, आणि मग ती ओरडली, "बास!" एवढ्या मोठ्याने की नळावरून मोरेश्वर धावत आला.

मागचा कोपरा आत गेला होता. दिव्याचा चुरा. खालची सांडपाण्याची नळी मुळापासून मोडली होती. पद्मिनी उतरली, तिने उकिडवं बसून बघितलं आणि म्हणाली, गवत किती वाढलंय इथे. एवढंच. मोरेश्वर गाडीखाली शिरून चिकटपट्टीने नळी बांधायला लागला. आसावरी चहा करायला आत गेली. आणि चहाला उकळी येईपर्यंत तिला बरं वाटत होतं, हे खरं. सुटल्यासारखं वाटत होतं. उकळी आली आणि ते गेलं.

जून महिना, त्यामुळे जेवायला बसले तरी चांगलं ऊन होतं. झाडाखालच्या लाकडी टेबलावर तिघं. पद्मिनी सांगत होती की उद्या सकाळी जवळच्या बोझमन गावी दुरुस्तीला जाते. नळी अशी मोडलेली असताना मुक्काम करता येत नाही, आणि दुरुस्तीला आठवडा तरी जाईल. म्हणजे ग्लेशियरची जागा गेली. ती भाताचे घास खाली-वर करत होती. मग तिने आसावरीकडे बघितलं, आणि तिला वाटलं की ही बिचारी मनाला लावून घेऊन बसली आहे.

"तुम्ही वाईट वाटून घेऊ नका," ती म्हणाली. "मोरेश्वर मला पहिल्याच दिवशी म्हणाले होते, मागे उभी राहिली की तिचा गोंधळ होतो. सोपं असतं हो ते. उद्या निघायच्या आधी मी तुम्हाला शिकवते."

गोंधळ होतो. असं म्हणाला होता हा. पहिल्याच दिवशी, परक्या बाईला! आणि शिकवणार कोण, तर ही. कोणाला, तर आसावरीला.

मोरेश्वर चांगलाच ओशाळला. घाईघाईने बोलायला लागला. "नाही, नाही, ओरडते म्हणालो होतो मी. आवाजाचं म्हणालो. हात नाही चुकत तिचा. वीस वर्षं मी तिचा हात बघून ब्रेक दाबतोय, पद्मिनीताई. रात्री, पावसात, कड्याच्या टोकाशी. तिचा पंजा कधी उशिरा उठला नाही. कधीच..."

आणि तो बोलता बोलता थांबला.

हे वाक्य ऐकायला आसावरी जन्मभर थांबली होती. लग्नाच्या वाढदिवसाला नाही, रिटायरमेंटच्या पार्टीत नाही, ते वाक्य त्याने इथे उच्चारलं, तिसऱ्या माणसादेखत, शपथेवर सांगितल्यासारखं. आणि उच्चारून झाल्यावर तो तिच्याकडे बघत होता. त्याला कळलं होतं. पद्मिनीला अजून कळलं नव्हतं. ती वाट बघत होती की आसावरी काहीतरी म्हणेल, झाली हो चूक, असं काहीतरी.

तेवढं म्हटलं असतं तरी निभावलं असतं. मोरेश्वर बोलला नसता. नवरा म्हणून त्याने ते गिळलं असतं. पण मग सकाळी उठून पद्मिनीसमोर हात वर करून उभं राहायचं, डावीकडे कसं, उजवीकडे कसं, बावळटासारखं शिकून घ्यायचं, आणि तिने शाबास म्हणायचं. आसावरीला वाईट ठरणं जमलं असतं, बावळट ठरणं जमेना. तिला त्या घडीला पश्चात्ताप झाला असं कोणी म्हणेल तर ते खोटं आहे.

"मला दगड दिसला होता," ती म्हणाली.

"दिसला होता म्हणजे?" पद्मिनीने विचारलं.

"आधीच दिसला होता. हात मी मुद्दाम नाही उचलला."

पद्मिनी तिच्याकडे बघत राहिली. रागाने नव्हे, ओळख पटत नसलेल्या माणसाकडे बघावं तशी. मग तिने आपलं ताट उचललं, अर्धवट जेवण तसंच, आणि ती आपल्या गाडीत गेली. का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तर आसावरी बोलली असती, सगळं बोलली असती, बॅडलँड्सपासून. सकाळी मोरेश्वरने फुटक्या दिव्यावर लाल पट्टी लावून दिली. पद्मिनी त्याला "येते" म्हणाली आणि निघून गेली.

आसावरीला वाटलं होतं, आता हा फाडफाड बोलेल. तिने उत्तरंही तयार ठेवली होती. पण दक्षिणेकडे जाताना टीटनची शिखरं दिसायला लागली तेव्हा मोरेश्वरने फक्त पाण्याची बाटली मागितली, तिने दिली, तो थँक्यू म्हणाला. घरात कोणी कोणाला थँक्यू म्हणत नसे.

टीटनच्या कॅम्पग्राउंडमध्ये जागा मिळाली ती दोन पाइन वृक्षांच्या मधे, जेमतेम गाडीएवढी, आणि मागे आणखी एक झाड. आसावरी न सांगता उतरली आणि मागे जाऊन उभी राहिली. तिची जागा तिला परत मिळाली होती. ती ओरडली नाही. हळू आवाजात म्हणाली, या, या, जरा उजवीकडे, या. गाडी अगदी सुतात मागे आली. मागचं झाड हातभर उरलं तेव्हा तिने पंजा वर केला.

गाडी थांबली. मग दार उघडल्याचा आवाज आला. मोरेश्वर खाली उतरला, गाडीला वळसा घालून मागे आला आणि त्याने वाकून बंपर आणि झाड यांच्या मधलं अंतर स्वतःच्या डोळ्यांनी बघितलं. दुसऱ्या बाजूचंही बघितलं. आसावरी हात वर धरून तिथेच उभी होती. तो तिच्या बाजूने गेला आणि पुन्हा गाडीत चढला.