गोधडीखालची पेटी

दौंडच्या रेल्वे कॉलनीत दिवसा मोठ्यानं बोलायची सोय नव्हती. कुणाच्या ना कुणाच्या घरात रात्रपाळी करून आलेलं माणूस झोपलेलं असायचं. आमच्या घरात अप्पा असायचे. माझे वडील मालगाडीवर गार्ड होते. सकाळी ड्युटीवरून आले की आंघोळ करून, भाकरी खाऊन आतल्या खोलीत आडवे व्हायचे ते उन्हं कलेपर्यंत. खिडकीला जुनी पिवळी चादर लावलेली असायची. तिच्यातून गाळून येणाऱ्या उजेडात सगळं घर पाण्याच्या तळाशी असल्यासारखं वाटायचं.

आणि अशा घरातून मी निघाले होते शाळेत गाणं शिकवणारी बाई व्हायला. सकाळी शिरूरचं कॉलेज, दुपारी एसटीनं परत, आणि मग रियाज. आईनं त्यावर तोडगा काढला होता. पेटीवर जाड गोधडी टाकायची, दोन्ही हात आत घालायचे आणि वाजवायचं. पट्ट्या दिसायच्याच नाहीत. सुरुवातीला बोटं नुसती चाचपडायची, पुढं त्यांची त्यांना जागा सापडायला लागली. गाणंही तसंच, तोंड मिटून गुणगुणायचं. लांब यार्डात डबे जोडल्याचा आवाज व्हायचा, मी भूपाच्या पाच सुरांत फिरत राहायचे, आणि आपण जाग्या आहोत की झोपेत हे कळेनासं व्हायचं. त्या दुपारी मला फार आवडायच्या. पण रागही यायचा. गाणं शिकायला जायचं आणि घरी तोंड उघडायचं नाही, हा काय प्रकार, असं वाटायचं.

शेवटच्या वर्षी त्याचे परिणाम दिसले. शाळेत जाऊन मुलांना शिकवून दाखवायचे सरावाचे पाठ सुरू झाले, आणि मागं बसलेल्या आमच्या सरांनी दुसऱ्याच पाठाला सांगून टाकलं, "पेटी चांगली वाजवतेस. पण तुझा आवाज तिसऱ्या रांगेपुढं जात नाही. परीक्षेच्या पाठाला असंच गायलीस, तर मी पास करणार नाही."

घरी येऊन मी आईला म्हटलं, मला आठवडाभर तरी दुपारी मोकळं गाऊ दे.

"आन् त्यांनी झोपायचं कवा?" आई म्हणाली. "गाडीवर?"

मी पेटी आदळली नाही, एवढंच. ताट तेवढं जरा जोरात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी अप्पा ड्युटीवर गेलेच नाहीत. "रजा टाकलीय. लई साठली होती," असं आईला म्हणाले, बाज उचलून मागच्या लिंबाखाली नेली आणि जाता जाता पेटीवरची गोधडी घडी घालून ट्रंकेवर ठेवली.

पहिल्या दिवशी माझा मलाच आवाज परका वाटला. रिकाम्या आतल्या खोलीकडं सारखी नजर जायची. मग हळूहळू गळा सुटला. खिडकीची चादर काढलेली होती, बाहेर अप्पा डोळ्यांवर हात आडवा टाकून पडलेले दिसायचे, आणि माझा सूर त्यांच्यापर्यंत जातोय हे मला बसल्या जागी समजायचं. इतकं सुख मला त्याआधी कशानं झालं नव्हतं.

परीक्षेचा पाठ निमोण्याच्या शाळेत झाला. पत्र्याखाली मुलं दाटीवाटीनं बसलेली, सर एकदम मागं. मी गायला लागले आणि शेवटच्या रांगेतली पोरंही माझ्यामागून म्हणायला लागली. मधेच पुढची एक मुलगी म्हणाली, "बाई, तुमी पेटीकडं बघतच न्हाई."

"माझ्या पेटीवर गोधडी असते," मी म्हटलं. वर्ग हसला, सरही हसले. जाताना त्यांनी सांगितलं, "पास आहेस."

रजा संपली. पुन्हा रात्रपाळी करून अप्पा सकाळी आले, जेवले, आतल्या खोलीत आडवे झाले. दुपारी घरी आल्यावर मी पेटीला हातही लावला नाही. आठवडाभर घर माझं होतं, आता त्यांना निवांत झोपू द्यावं, म्हणून पुस्तक घेऊन गप्प बसले.

बऱ्याच वेळानं आतून आवाज आला. "का गं, पेटी का न्हाई?"

"तुम्ही झोपा, अप्पा."

"झोप कुठं येतीय? इतकी वर्सं तुझी ती दबकी पेटी ऐकतच झोपतोय. तिकडं लिंबाखाली एक दिवस डोळा लागला न्हाई." कूस बदलल्याचा आवाज झाला. "टाक ती गोधडी."

मी ट्रंकेवरची गोधडी काढली आणि हात आत घातले. त्या दिवशी गुणगुणले नाही, नुसती पेटी वाजवली. भूप संपायच्या आत अप्पा घोरायला लागले होते.