सुतळी, सफेदा आणि ज्ञानदेवची रजा

१९७१ चा उन्हाळा. पोस्टिंग भिंगार कॅन्टोन्मेंट. मी हवालदार, युनिटच्या गाड्यांचा मेकॅनिक.

सकाळच्या तपासणीत एका जीपचा ऑइल प्रेशरचा काटा शून्यावरून हलेना. ड्रायव्हर होता कोल्हारचा लान्स नायक ज्ञानदेव. दुसऱ्या दिवशी त्याच्या पहिल्या लेकीचं बारसं. रजा मंजूर होती.

सुभेदारसाहेब आले. नेहमीप्रमाणे कडक इस्त्रीत.

"इंजिन गेलं असेल तर चौकशी होईल. तोवर रजा बंद."

ज्ञानदेवचा चेहरा उतरला. मला मात्र प्रेक्षक मिळाले होते. मी बाह्या सरसावल्या.

इंजिनातल्या तेलाचा दाब ओळखून काट्याला कळवणारा एक पितळी भाग असतो. आम्ही त्याला सेंडर म्हणायचो. त्याची वायर काढून मी इंजिनला टेकवली. काटा ताडकन वर गेला. म्हणजे काटा आणि वायर दोन्ही ठीक. संशयित उरले दोन, सेंडर आणि खुद्द इंजिन.

मी सेंडर खोलला. सुभेदारसाहेब बॉनेटमध्ये वाकले.

"साहेब, मागे सरका."

"मला शिकवू नकोस."

"ज्ञानदेव, सेल्फ मार."

तेलाची चिळकांडी साहेबांच्या खिशापासून पट्ट्यापर्यंत गेली.

"साहेब, प्रेशर आहे," मी रिपोर्ट दिला.

"दिसतंय," साहेब म्हणाले.

मग सेंडर उजेडात धरला. आट्यांवर सुतळी गुंडाळलेली, वर सफेद्याचा जाड लेप.

"हे कुणी केलं?"

"म्या, उस्ताद. काल त्याल गळत हुतं. आमच्याकडं हिरीवरच्या पंपाला असंच करत्यात. थेंब गळत न्हाई."

"थेंब नाही गळत, पण करंटही जात नाही. सेंडरला अर्थिंग आट्यांतूनच मिळतं, बाबा."

आटे घासून स्वच्छ केले, खाली तांब्याचा नवा वॉशर घातला आणि सेंडर कसला. सेल्फ मारताच काटा उठला. गळती नाही.

साहेबांनी शर्टाकडे पाहिलं, मग ज्ञानदेवकडे.

"जीप आहे ही, विहीर नाही. जा, बारशाला उशीर करू नकोस."

"व्हय साहेब."

दुपारच्या गाडीने तो कोल्हारला गेला. चार दिवसांची रजा.

डिसेंबरात लढाई लागली. पश्चिम सीमेवर ज्ञानदेव पडला. मधल्या काळात त्याला पुन्हा रजा मिळाली नव्हती.

मी कोल्हारला जातो तेव्हा त्याची आई नातीला जवळ बसवून एकच गोष्ट सांगते. त्या चार दिवसांत त्याने पोरीला खाली ठेवलंच नाही. पाळण्यात घालायलासुद्धा बायकांना ती त्याच्याकडून मागून घ्यावी लागली.