वैशीच्या नावाचं पान

करणी, बाहेरचं, पितर रुसलं... असलं काही ऐकलं की मला आधी हसू येतं आणि मग राग. शाळेत विज्ञान शिकवते मी. दाराला बांधलेलं लिंबू-मिरची वर्गात नेऊन मुलांसमोर कापलेली बाई आहे. तेव्हा 'ताई, डॉक्टरला दाखवा' असं लिहायला कुणाचे हात शिवशिवत असतील तर थांबा. दाखवलंय. अजून दाखवते.

गाव धारूर. किल्ल्याकडे जाणाऱ्या रस्त्याच्या अलीकडची गल्ली, खाली आमचं किराणा दुकान, वर घर. कॉलेज संपवून घरी आले त्या वर्षी मी जेवण सोडलं. बघायला आलेल्या एक बाई जाता जाता आईला म्हणाल्या, "पोरगी चांगली हाय, जरा भरलेली हाय," तिथून सुरू झालं. पण खापर एकट्या त्यांच्यावर फोडत नाही. तो आजार होता आणि त्याला निमित्त कोणतंही पुरलं असतं. आधी सगळ्यांनी कौतुक केलं — कसं जमवलंस गं! नंतर आई रडू लागली, बाबा माझ्या ताटापुढे हात जोडून बसू लागले. मला कुणाचीच कीव यायची नाही.

शेजारी कमलमावशी राहायच्या. त्यांची वैशाली, म्हणजे वैशी, माझ्याहून थोडी मोठी. अंगानं जाड, स्वभावानं गोड. स्थळं परत जायची म्हणून मावशी तिच्या पुढ्यातलं वाढलेलं ताट उचलून न्यायच्या. भर जेवणात, पाहुण्यांच्या देखत. "बस झालं, म्हशे!" स्वयंपाकघराला कुलूप असायचं. एक दिवस धुणं वाळत घालताना वैशी कोसळली, ती उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदयाचं काहीतरी सांगितलं. गल्ली वेगळंच सांगायची, पण मावशींच्या माघारी.

आमच्याकडे पितृपक्षात मेलेल्या माणसाच्या नावानं एखाद्या जिवंत माणसाला जेवायला बसवतात. सवाष्णीच्या नावानं सवाष्ण, कुमारिकेच्या नावानं कुमारिका. बसणाऱ्यानं पान स्वच्छ करायचं, नाहीतर पितर उपाशी परत जातं म्हणतात. वैशीच्या पितराला मावशी मला बोलवायला आल्या तेव्हा आई चकित झाली.

"अवो कमलबाई, ती घासभर खाईना. तिला कावून बसवायलात?"

मावशींनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "माझी वैशी मला अशीच बघायची होती. अशीच बारीक. हिलाच बसवते."

भर दुपारी बसले. पुरणपोळी, कढी, भजी, वडे, गवारीची भाजी, खीर. न खाता वेळ कसा काढायचा याच्या युक्त्या मला येत होत्या. त्या इथे लिहिणार नाही, कुणाच्या कामी यायला नकोत. मी खिडकीबाहेर बघत बसले. मान वळवली तर... पान चाटूनपुसून साफ! माझी बोटं कोरडी, तोंडाला चव नाही, पोट तसंच खपाटीला. दारात उभी असलेली आई ओक्साबोक्शी रडली — "खाल्लं गं माझ्या लेकीनं!"

मला वाटलं, खाल्लं असेल, आठवत नसेल. उपाशी डोकं काहीही करतं. पण दुसऱ्या दिवशी घरी तेच. ताट यायचं, माझी नजर हलायची, ताट रिकामं. घरात सण असल्यासारखं झालं. माझ्यावरची पाळत उठली. मला हवं होतं ते हेच ना? न खाताही सगळे खूश. आणि मी वाळत चालले. जिना चढताना भिंत धरायला लागायची. आई म्हणायची, "एवढं खातीस अन् अंगाला लागंना. जंत झाले असतील."

मग एका सकाळी मला भूक लागली. खरीखुरी, कित्येक महिन्यांनी. पिठल्याच्या वासानं डोळ्यांत पाणी आलं. आईनं वाढलं, मी हात पुढे केला — ताट रिकामं. आईनं कौतुकानं पुन्हा वाढलं. मी पापणी न लववता ताटाकडे बघत राहिले, डोळे चुरचुरले, एकदाच लवली... संपलं. मला मरायचं नाही, हे त्या घटकेला कळलं. तोवर कुणालाच ते मला पटवता आलं नव्हतं.

घरच्यांना सांगितलं. समोर रिकामं ताट असताना कोण विश्वास ठेवणार? शेवटी मावशींकडे गेले. त्या शेंगा मोडत बसल्या होत्या. ऐकून जराही दचकल्या नाहीत.

"मला ठाव हाय. पित्तराच्या दिशीच वळखलं मी."

"मावशी, मी मरायले वो."

"तू तसंबी खात न्हवतीस. तिला खाऊ दे की. लई उपाशी गेली गं ती."

दुसऱ्या दिवसापासून त्या वैशीच्या आवडीचे धपाटे माझ्यासाठी डब्यात आणू लागल्या. आई गल्लीभर सांगत सुटली, कमलबाईची किती माया!

मला सुचलं ते एवढंच, की वैशीपुढून ओढलं जायचं ते वाढलेलं ताट; म्हणजे ताटात न आलेलं कदाचित माझं राहील. मी स्वयंपाकघरात गेले आणि आईनं ताटात वाढायच्या आत तव्यावरची भाकरी उचलली. बोटं भाजली. उभ्यानंच तुकडा तोंडात घातला. तो पोटात गेला! पण खरं सांगू? रिकाम्या ताटाची वाटली नव्हती एवढी भीती मला त्या घासाची वाटली. आतून कुणीतरी ओरडत होतं, थुंक. तो आवाज वैशीचा नव्हता, माझाच होता. दुसरा घास घेतला.

नंतर अंबाजोगाईला दवाखाना, समुपदेशन, दोनदा पुन्हा घसरणं, सगळं झालं. एका घासात कुणी बरं होत नाही. तुमच्या घरात असं कुणी असेल तर ताटाकडे बघू नका, माणसाकडे बघा... मी यातून शिकले ते हेच. डॉक्टर म्हणतात, भुकेनं मेंदू फसवतो; तूच खात होतीस किंवा टाकत होतीस. असेलही. मग समोर बसलेल्या आईला एकदाही का दिसलं नाही, याला त्यांच्याकडे उत्तर नाही. माझ्याकडेही नाही. अजूनही मी ताट वाढून घेत नाही.

मावशींकडे मात्र उत्तर आहे. मी तव्यावरून तोडून खायला लागले त्याच आठवड्यात त्या डबा घेऊन आमच्या स्वयंपाकघराच्या दारात आल्या. मला खाताना बघून जागीच थांबल्या.

"दुसऱ्यांदा उपाशी मारलीस तिला," म्हणाल्या.

पहिल्यांदा कुणी मारली, मावशी? हे अगदी ओठांवर आलं होतं. पण तोंडात भाकरी होती. मी ती आधी गिळली.