कॅमेरा चांगला आहे गं

श्रीकांतचा फोन आला तेव्हा आमची गाडी कळंबोलीला लोखंड बाजारापाशी अडकली होती. पुण्याहून परत येत होतो. पुढे सळ्यांनी भरलेला एक लांबलचक ट्रेलर उभा होता आणि बाहेर आलेल्या सळ्यांच्या टोकांना बांधलेलं लाल फडकं वाऱ्यावर हलत होतं. "उज्ज्वला, मेधा गेली गं… सकाळी, झोपेतच," एवढंच तो म्हणाला. मी "बरं" म्हणाले. असल्या वेळी माणूस काय वाटेल ते बोलतो. मग तो फोन ठेवेना आणि मीही ठेवेना. पनवेल तिथून हाकेच्या अंतरावर, पण ट्रेलर काही हलत नव्हता, आणि मी आपली त्या लाल फडक्याकडे बघत बसले. मेधा शेजारी असती तर तिने केव्हाच काच खाली केली असती. "एवढं सगळं करडं लोखंड आणि त्यात एवढंसंच लाल… थांबा हो, हॉर्न नका वाजवू, ट्रेलर पुढे जाईल," असं ड्रायव्हरला सांगायलाही तिने कमी केलं नसतं.

नवीन पनवेलला मेधा, तिचा नवरा श्रीकांत आणि आम्ही एकाच इमारतीत राहायला आलो तेव्हा आम्हा दोघींची चाळिशी जवळ आली होती. मी शाळेत मराठी शिकवायचे, ती तळोज्याच्या एका औषध कारखान्याच्या प्रयोगशाळेत मालाची तपासणी करायची. तपासणी हा तिचा स्वभावच होता. डिजिटल कॅमेरे आले, घरोघरी "कोणता घेऊ?" सुरू झालं, आणि तिला सगळे विचारू लागले, कारण ती दुकानदाराच्या सांगण्यावर कधीच विश्वास ठेवायची नाही. पुढे फोटोग्राफीवरच्या एका मराठी मासिकाने तिला कॅमेऱ्यांची परीक्षणं लिहायला सांगितली. कॅमेरा दोन-तीन आठवड्यांसाठी घरी यायचा आणि मेधाच्या स्वयंपाकघराची प्रयोगशाळा व्हायची. पांढऱ्या ताटात पांढरे तांदूळ, काळ्या तव्यावर काळे तीळ. दोन्हींचा दाणा न् दाणा वेगळा दिसला तर कॅमेरा पास. त्यानंतर खिडकीपाशी मला बसवायची. "तुझा रंग अवघड आहे उजू, धड गोरा नाही, धड सावळा नाही. स्वस्तातला कॅमेरा तुला पिवळी करून टाकतो." पुढची कितीतरी वर्षं मी त्या खिडकीत पिवळी, गुलाबी, राखाडी होत राहिले. लेख लिहून झाला की शुद्धलेखन बघायला माझ्याकडे. मी कुठेतरी 'छायाचित्र' करायचे, ती खोडून पुन्हा 'फोटो' करायची. "वाचणाऱ्याला फोटो काढायचाय गं, छायाचित्र नाही."

दोन हजार दहाच्या आसपास एका हिवाळ्यात तो कॅमेरा आला. अगदी व्यावसायिकांचा नव्हे, पण हौशी माणसाच्या हातात जडच वाटेल असा. तोवर असले कॅमेरे फक्त फोटो काढायचे. हा व्हिडिओही काढायचा आणि तोही सिनेमासारखा, मागची गर्दी विरघळवून टाकणारा. मेधा लहान पोरीसारखी हरखली होती. "एका पेटीत दोन यंत्रं आहेत. दोघांची वेगवेगळी परीक्षा घ्यायची," म्हणाली.

फोटोंची परीक्षा कर्नाळ्याला झाली. अभयारण्यात आम्ही सकाळी गेलो, आणि पाणवठ्याजवळ तिला लांब पांढऱ्या शेपटीचा स्वर्गीय नर्तक मिळाला. पक्षी फांदीवरून सुटला, शेपूट फितीसारखी मागे वळली आणि कॅमेऱ्याची खटाखट सुरू झाली. घरी आल्यावर संगणकावर तिने एकेक फोटो मोठा करून दाखवला. डोळ्याभोवतीचं निळं कडंसुद्धा स्वच्छ. "शंभरापैकी शंभर!" ती म्हणाली. तिच्याकडून इतके गुण आजवर कोणालाच मिळाले नव्हते, मलाही नाही.

व्हिडिओसाठी आम्ही करंजाला गेलो. बंदरावर सकाळी होड्या लागल्या की माशांचा लिलाव होतो. हालचाल, गलका, ओल्या खवल्यांवरचं ऊन… कॅमेऱ्याला दम लागेल असं सगळं तिथे होतं. तिथे हौसाबाई होत्या. उंच, धिप्पाड कोळीण, लिलाव पुकारायला लागल्या की बाकीचा धक्का गप्प व्हायचा. मेधाची त्यांच्याशी जुनी ओळख. "आली का मशीनवाली?" म्हणून त्या हसायच्या आणि मुद्दाम दुप्पट आवाजात पुकारायच्या.

त्या दिवशीचा व्हिडिओ बघताना मेधाच्या कपाळाला आठी पडली. चित्र सुरुवातीला स्थिर असायचं, मग जरा वेळाने त्यात एक बारीक थरथर यायची, एका लयीत. "भिंगातली हादरे शोषून घेणारी यंत्रणा बिघडलीय," तिने निकाल दिला. मासिकाला कळवलं. त्यांनी दुसरं भिंग पाठवलं. पुन्हा करंजा, पुन्हा तीच थरथर. मग कॅमेराच सदोष आहे असं लिहायला ती बसली. दोन परिच्छेद लिहूनही झाले होते. पण तपासणीतला माणूस एवढ्यावर थांबत नाही. "एकदा दुसऱ्या हाताने बघायला हवं," ती म्हणाली आणि तिसऱ्या वेळी करंजाला तिने कॅमेरा माझ्या गळ्यात अडकवला. "मागच्या पडद्यावर बघ, मी दिसले की झालं. डोळा लावायची भानगडच नाही, व्हिडिओ काढताना त्या भोकातून काळोखच दिसतो."

मी तिचा व्हिडिओ काढला. ती धक्क्यावरून चालत गेली, हौसाबाईंशी बोलली, परत आली. मग तिने कॅमेरा घेऊन त्यांचा काढला.

दुपारी तिच्या घरी दोन्ही व्हिडिओ लावले. माझं चित्र वाकडं होतं, हौसाबाईंचं डोकं वर कापलं गेलं होतं, पण ते स्थिर होतं. तिचं चित्र अगदी सरळ, नेमकं… आणि थरथरणारं. मेधाने माझा व्हिडिओ पुन्हा लावला. पडद्यावर ती धक्क्यावरून चालत येत होती. डावा हात चालीबरोबर हलत होता. उजवा अंगाला चिकटून, कोणी बांधून ठेवल्यासारखा. हौसाबाईंपाशी थांबल्यावर त्याच हाताची बोटं गोळी वळल्यासारखी हलायला लागली. मेधा खुर्चीत पुढे सरकून बघत होती, पक्ष्याकडे बघायची तशीच. मग तिने पडदा बंद केला.

"कॅमेरा चांगला आहे गं," ती म्हणाली.

मी चहा टाकायला उठले.

डॉक्टरांनी नाव सांगितलं ते कंपवात. गोळ्या सुरू झाल्या. कॅमेरा परत द्यायची वेळ आली तेव्हा तिने तो दिलाच नाही, विकत घेतला. "याने माझी परीक्षा घेतलीय, आता मी याला सोडत नाही," म्हणाली. परीक्षण मात्र तिने नव्याने लिहिलं आणि त्यात सरळ लिहून टाकलं, 'सुरुवातीच्या व्हिडिओंत जी थरथर दिसली तिचा दोष मी कॅमेऱ्याला दिला होता. तो कॅमेऱ्याचा नसून माझ्या हाताचा आहे असं आता कळलं आहे.' त्यावरून घरात वाद झाला. श्रीकांत चिडायचा माणूस नाही, पण तो घाबरला होता. "अगं, प्रयोगशाळेत हातानेच काम करतेस ना? उद्या तुमच्या साहेबांनी वाचलं तर? कॅमेरा चांगला आहे एवढंच लिही, कोण विचारणार आहे?"

"पुढे मी कंप असलेल्या माणसाने हा कॅमेरा कसा वापरावा ते लिहिलंय. शटर किती वेगात ठेवायचं, कोपर कुठे टेकवायचं. ते मला कसं माहीत, असं कोणी विचारलं तर काय सांगू?"

"तेही नको लिहूस."

"म्हणजे जे कामाचं तेच काढू?" ती म्हणाली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. "उजू, तू मराठीची बाई. हे वाक्य ठेवू की काढू?"

दोघंही माझ्याकडे बघत होती. श्रीकांतच्या डोळ्यांत पाणी होतं. मी वाक्य दोनदा वाचलं आणि म्हटलं, "वाक्य शुद्ध आहे." मेधा इतक्या मोठ्याने हसली की शेवटी श्रीकांतलाही हसावं लागलं.

परीक्षण छापून आलं. श्रीकांतची भीतीही खरी ठरली; कारखान्यात तिला प्रयोगशाळेतून काढून टेबलावरचं काम दिलं. तिसऱ्या दिवशी जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली, "त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर हेच केलं असतं… पण काचेच्या भांड्यांचा तो आवाज नाही गं ऐकू येत आता." त्यानंतर तिने त्याबद्दल कधी तक्रार केली नाही. महिन्याभराने पेणहून एक निवृत्त गृहस्थ पत्ता शोधत तिच्या दारात आले. त्यांचाही हात कापायचा आणि त्यांनी कॅमेरा कपाटात ठेवून दिला होता. मेधाने त्यांना दुपारभर बसवून घेतलं. भिंतीला खांदा कसा लावायचा, श्वास कधी सोडायचा, तिने सगळं करून दाखवलं. आधी तिचा हात कापायचा, मग त्यांचा, आणि दोघं एकमेकांना "आता बघा, आता बघा" म्हणत होती. जाताना त्यांनी सोसायटीच्या बागेतल्या जास्वंदीचा फोटो काढला आणि तो हलला नव्हता.

करंजाला आम्ही जातच राहिलो. एकदा हौसाबाईंनी तिचा हात पकडला. "ताई, तुजा हात कापतंय. थंडी वाजते काय?"

"नाही हो, आजार आहे. आता असाच राहणार."

"मरनार तर नाय ना त्यानं?"

"लगेच नाही."

"मंग हाय काय त्यात!" असं म्हणून त्यांनी तिला माशांच्या रिकाम्या पेटीवर बसवलं, स्वतः पुढ्यात पाठमोऱ्या बसल्या आणि पदर सारखा करून म्हणाल्या, "ठेव ती मशीन माज्या खांद्याव. आमी वल्ही मारलेली मानसं, आमचा खांदा हलत नाय." मेधाने कॅमेरा त्यांच्या खांद्यावर ठेवला. चित्र खरंच दगडासारखं स्थिर झालं. पण तेवढ्यात पापलेटांची पाटी पुढे आली, हौसाबाईंना राहवेना, त्या बसल्या जागेवरूनच पुकारायला लागल्या आणि प्रत्येक पुकाऱ्याला सगळा धक्का वरखाली उडू लागला. आकाश, होड्या, माणसं, पापलेटं. इतका हललेला व्हिडिओ मेधाने आयुष्यात काढला नसेल. आणि इतक्या वेळा परत परत लावून दुसरा कुठला बघितलाही नसेल.

पुढची वर्षं मी आता भराभर सांगते, कारण ती सावकाश सांगायला मला जमत नाही. आधी तिने जड भिंगं सोडली. मग कर्नाळ्याचा चढ सोडला. मग ती बाहेर पडेनाशी झाली आणि गॅलरीत बसून दिसेल त्याचे फोटो काढू लागली. वायरीवरचे वेडे राघू, समोरच्या इमारतीतली वाळत घातलेली दुपटी, जिना चढून आलेली मी. व्हिडिओ मात्र माझ्याकडून काढून घ्यायची. मी करंजाला जाऊन काढून आणायचे आणि ती बघून गुण द्यायची. "साठ. घाई केलीस." आवाज इतका बारीक झाला होता की साठ की सात ते कळायला तिच्या तोंडाशी कान न्यावा लागायचा. मुद्दाम मी "सात?" विचारायचे, आणि ती मान हलवायची, डोळ्यांनी हसायची. चेहरा हसेनासा झाला होता, डोळे हसायचे. शेवटी शेवटी गुणही देईनाशी झाली. नुसती बघायची, आणि व्हिडिओ संपला की बोटाने पुन्हा लावायची खूण करायची.

काही दिवसांपूर्वी श्रीकांतने बोलावलं. महिनाभर त्याने तिच्या खोलीतलं काही हलवलं नव्हतं, पण कॅमेऱ्याला बुरशी लागेल म्हणून त्याला राहवेना. "तू घेऊन जा. मला बटणं कळत नाहीत आणि तिला तो बंद पडलेला आवडणार नाही," म्हणाला. बॅटरी त्याने भरून ठेवली होती.

घरी आणून मी तो खिडकीत धरला आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्या भोकाला डोळा लावला. मी नेहमी मागच्या पडद्यावर बघत आले. आत बघायचा हक्क तिचा. आत सगळं धूसर होतं. समोरची इमारत, तिथल्या गॅलऱ्या, तारा… सगळं पाण्यातून दिसावं तसं. मला वाटलं भिंग बिघडलं, किंवा मी रडतेय. दोन्ही नव्हतं. बटण दाबलं तर पडद्यावर फोटो लख्ख उमटला. मग माझ्या लक्षात आलं. डोळा लावायच्या जागेशेजारी एक बारीकशी चकती असते, आपल्या चष्म्याच्या नंबराप्रमाणे ती फिरवून घ्यायची. चष्मा कॅमेऱ्यावर आपटतो म्हणून मेधा तो काढून ठेवायची आणि ती चकती तिच्या नंबरावर लावलेली होती. जग तिला स्वच्छ दिसायचं ते तिथून.

नखाने फिरवली की ती फिरते. मी फिरवलेली नाही. रोज सकाळी कॅमेरा उचलते, डोळा लावते, मला काहीएक नीट दिसत नाही, आणि मी फोटो काढते.