प्रेमिलाताईंची बिनसुरकुतीची सीट

प्रेमिला गजभिये यांना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्यांचे फक्त तळपाय दिसत होते. उरलेल्या प्रेमिलाताई माझे शेजारी मधुकरराव यांच्या जुन्या अँबॅसिडरच्या पोटात होत्या. आतून त्यांचा जो आवाज येत होता त्यानं जरीपटक्यातली कुत्री गप्प झाली होती, कामठीची भुंकायला लागली होती, आणि वरून चाललेल्या विमानानं, खोटं सांगत नाही, थोडी वाट बदलली. मग धाडकन गाडीची पुढची लांबलचक सीट अंगणात येऊन पडली आणि तिच्यामागून ताई आल्या. गळ्यात टेप, ओठांत टाचण्या. टाचण्या न काढता त्या म्हणाल्या,

"वजन किती, भाऊ?"

"ब्याऐंशी किलो."

"चालते. बसा ह्याच्यावर. स्प्रिंग दबली पाहिजे मले. आन् हलू नका."

मी बसलो. माझ्या वजनाचं कुणी कौतुक करावं, असा तो आयुष्यातला पहिला प्रसंग होता.

हे सगळं चाललं होतं ते मधुकररावांच्या हट्टापायी. जानेवारीत नागपुरात जुन्या गाड्यांची फेरी निघते. तिच्यात आपल्या अँबॅसिडरची सीट आरशासारखी दिसली पाहिजे, असं त्यांनी ठरवलं होतं. सीटवाल्या दोन मिस्त्र्यांनी "होऊन जाईल साहेब" म्हणत कव्हरं चढवून दिली होती. दोन्ही वेळा आठवडाभरात सीट अशी दिसू लागली, जसा दुपारी चटईवर झोपून उठलेल्या माणसाचा गाल. शेवटी त्यांच्या पत्नी शोभाताई म्हणाल्या, "प्रेमिलाले बोलवा. इतकी वर्षं झाली, माह्या पाठीवर एक चुणी नाही पडू दिली तिनं. तुमची सीट त माह्याहून सोपी हाय. बोलत तरी नाही."

तर प्रेमिलाताई मुळात ब्लाऊज शिवणाऱ्या. पण दुकानादुकानांत तयार ब्लाऊज लटकायला लागले आणि त्यांच्याकडची गर्दी आटली. त्यात हे काम चालून आलं. कुणी दुसरं असतं तर आधी सीट शिवून पाहिली असती. ताईंनी आधी 'लेडीज टेलर' पुसून 'कार सीट स्पेशालिस्ट' असा बोर्ड रंगवून घेतला, आणि उरलीसुरली गिऱ्हाइकं समोरच दुकान असलेल्या जावेला, भावनाला, देऊन टाकली. "घे वं, सांभाळ. मी आता मोटारीत गेली," असं गल्लीला ऐकू जाईल इतक्या प्रेमानं सांगून. आता सीट फसली असती तर त्याच भावनाच्या ओट्यावर जाऊन गिऱ्हाइकं परत मागावी लागली असती. त्यापेक्षा त्या गटार झालेल्या नागनदीत पोहल्या असत्या.

पहिलं कव्हर चढलं. सुरकुती एक नव्हती. पण प्रत्येक शिवणीशेजारी, रेक्झिनच्या खाली, एक जाड रेघ उठली होती. सीटच्या कातडीखाली कुणी सुतळी पेरली असावी अशी.

"फोम खराब हाय," ताई म्हणाल्या. फोम बदलला. रेघ तिथंच.

"स्प्रिंग बसली हाय." स्प्रिंगा ठोकून झाल्या. रेघ तिथंच.

"काका, तुमची गाडीच वाकडी हाय."

मधुकररावांनी चहाचा कप खाली ठेवला. त्यांच्या वजनाबद्दल, टकलाबद्दल, राजकारणाबद्दल काहीही बोला. गाडीबद्दल नाही. "माही गाडी वाकडी? काहून? सरळ गाडी तू कुठं पाहिली, बाई?"

भांडण छान रंगात आलं होतं. तेवढ्यात शोभाताई तिथं आल्या. त्यांनी उतरवलेलं कव्हर उलटं केलं आणि नेहमीच्या सवयीनं शिवण चाचपली. आत दोन-दोन बोटं जास्तीचं रेक्झिन दुमडून ठेवलेलं होतं.

"हे काय वं, प्रेमिला?"

"माया सोडली, काकू."

"कशाले?"

"कशाले म्हणजे? पुढं जाडी झाली त उसवून मोठं कराले नको काय?"

"कोण जाडी होऊन राहिली?"

प्रेमिलाताईंनी सीटकडे पाहिलं. सीटनं काहीच कबूल केलं नाही. मी पुन्हा तिच्यावरच बसलो होतो, म्हणून मी घाईनं उठलो.

इतक्या वर्षांचा हात होता तो. नवरी असो की नवरीची आजी, उद्या अंग भरणार असं धरूनच त्या कापत. दर दिवाळीला बायका तेच ब्लाऊज घेऊन येत, ताई न बोलता अर्धा इंच सोडत आणि त्याबद्दल गल्लीत कधी अक्षर काढत नसत. आता ती माया कापायची म्हटल्यावर कात्री शिवणीपाशी जायची आणि परत यायची. शोभाताई म्हणाल्या, "आण इकडं, मी कापतो." त्यासरशी ताईंनी मान दुसरीकडे वळवली आणि कात्रीचा नुसता आवाज ऐकत ऐकत सगळी माया कापून काढली. वळणावर मात्र नीट पाहून बारीक छेद दिले. गोल गळ्याला देतात तसेच.

मग मला पुन्हा बसवलं. मधोमध ओढून आधी एक हूक, मग दोन्ही बाजूंना थोडं थोडं, कोपरे सगळ्यात शेवटी. ओलं फडकं टाकून वरून गरम इस्त्री. "उठा आता, भाऊ." मी उठलो. ताईंनी सीटवर एक सणसणीत थाप मारली, आवाज जावेच्या दुकानापर्यंत जाईल अशी. मधुकररावांनी एका टोकाला तळहात ठेवला आणि तो दुसऱ्या टोकापर्यंत कुठंही न अडखळता गेला. त्यांनी पुन्हा हात फिरवला, मग पुन्हा. शोभाताई म्हणाल्या, "अहो, पुरे. लोकं पाहून राहिले."

फेरीत अँबॅसिडरला आतल्या सजावटीचं बक्षीस मिळालं. मधुकररावांनी ताईंनाही बरोबर नेलं होतं. त्या नवी साडी नेसून गाडीच्या दाराशी उभ्या होत्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला "हात लावून पाहा, भाऊ" म्हणत होत्या. लोक हात लावत, "वा" म्हणत. गाडीवाल्या बऱ्याच जणांनी त्यांचा नंबरही घेतला.

त्यांतल्या एकाचाही फोन आला नाही. जुन्या गाड्या ठेवणारी माणसं नागपुरात थोडी, आणि त्यांच्या सीटा आधीच झालेल्या. प्रेमिलाताई सध्या ई-रिक्षांच्या सीटा शिवतात.