अंधार कुणाचा?

आईची नजर गेली तेव्हा मला वाटलं, आता त्रास म्हणजे तिला हाताला धरून फिरवायचं, चहाचा कप हातात द्यायचा, डोळ्यांत थेंब घालायचे. कसलं काय! खरा त्रास निघाला तो भेटायला येणाऱ्या माणसांचा.

काचबिंदू होता. सोलापूरच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, गेलेली नजर परत येत नाही, उरलेली सांभाळा. उरलेलीही वर्षभरात गेली. पण आमच्या उमरग्याच्या चर्चमधल्या माणसांना डॉक्टरचं म्हणणं पटेना. रोज संध्याकाळी कुणीतरी यायचं, आमच्या रीतीनं 'सलाम मावशी' म्हणून पलंगाशेजारी बसायचं आणि प्रार्थना सुरू. हे प्रभू, हिला अंधारातून प्रकाशात आण. अहो, ती समोर बसलीय, नीट जेवतेय, माझ्या भाजीत मीठ कमी पडलं तर ओरडतेय. ती कुठल्या अंधारात गेली म्हणता? पण घरी आलेल्या माणसाला काय बोलणार. मी चहा टाकायला आत जायची आणि भांडी आपटायची.

तोवर माझ्या कधी ध्यानातच आलं नव्हतं, की आमच्याकडं जे काही चांगलं ते सगळं उजेडाचं. गाणी उजेडाची, प्रवचनं उजेडाची, नाताळात दारावर टांगायची ती चांदणीही उजेडाची. आणि अंधार म्हणजे सैतान, पाप, नरक, झालंच तर गावातले दारूडे. जन्मभर हे ऐकलं, गायलं, कधी खटकलं नाही. आता आई शेजारी बसलेली असताना तेच कानावर पडलं की अंगाचा तिळपापड व्हायचा.

आईला मात्र त्याचं काही वाटत नव्हतं. ती सरकारी उपकेंद्रात नर्स होती, तामलवाडीच्या बाजूला. सगळी नोकरी बाळंतपणं करण्यात गेली. तोंडाची फटकळ. कुणी काही बोललं की जागच्या जागी उत्तर. एकानं विचारलं, "मावशी, काहीच दिसत नाही का हो?" तर म्हणाली, "तुझं थोबाड दिसत न्हाय, तेवढंच बरंय." तो हसत घरी गेला.

मग ती गाणारी बाई आली. चर्चमध्ये गाणी तीच सुरू करते. आवाज गोड, आणि तो गोड आहे हे तिला पुरतं माहीत. आईचा हात हातात घेऊन म्हणाली, "मावशी, देव म्हणजे उजेड. त्याच्याजवळ अंधाराला जागाच नाही. मग हा अंधार कुणाचा? घरात काही लपलेलं पाप असेल तर कबूल करून टाका. बघा डोळे उघडतात का नाही."

मी सांडशी हातात घेऊनच बाहेर आले. म्हटलं, आता आई हिला सोडत नाही. पण आई पदराच्या टोकाची घडी घालत बसली. त्या रविवारी मी तिची चर्चची पांढरी साडी काढून ठेवली तर म्हणाली, "म्या येत न्हाय." पुढच्या रविवारीही तेच. झोपण्याआधीची प्रार्थना बंद झाली. मिठावरून ओरडणंसुद्धा बंद.

"ती बाई मूर्ख आहे," मी म्हटलं.

"असंल मूर्ख. मग तू सांग, कुणाचा?"

कपाळ माझं! मी शाळेत गणित शिकवते, मी काय सांगणार? पण जीव तुटत होता. नजर गेली ती गेली. जी बाई आयुष्यभर देवाशी घरातल्या माणसासारखी भांडत आली, तिनं त्याच्याशी बोलणंच टाकलं होतं. ते परत यावं, एवढंच मला हवं होतं.

गुड फ्रायडेच्या थोडं आधी आमचे पाळकसाहेब घरी आले. तरुण आहेत, कर्नाटकातले, घरी कानडी बोलतात. मराठी शिकून घेतलंय, आणि फार मनापासून बोलतात. आईसमोर हात जोडून म्हणाले, "आजी, मी सगळं ऐकलंय. तुम्ही या मंडळीत किती दिवे लावलेत!"

मी खाली बघितलं. आईचे ओठ हलले, मग खांदे हलले, मग ती अशी हसली की डोळ्यांतून पाणी आलं. "व्हय बाबा, लई दिवे लावले. कुणाला बी विचार." साहेबांना वाटलं, आजी खूश झाल्या. मला तर त्यांचे पाय धरावेसे वाटले. किती दिवसांनी हसली होती ती!

आणि पुढच्याच वाक्याला त्यांनी सगळं घालवलं. गुड फ्रायडेला दुपारी येशूचे वधस्तंभावरचे सात उद्गार सात जण वाचतात. चौथा आईचा, मला आठवतंय तेव्हापासून. भरदुपारी काळोख पडला आणि येशूनं मोठ्यानं ओरडून विचारलं, देवा, मला का सोडलंस, तो. "यंदा तुम्हाला वाचायचा त्रास नको आजी, दुसऱ्यांना दिलाय." कुणाला, तर त्या गाणाऱ्या बाईला!

"अहो, तिला पाठ आहे तो!" मी ओरडलेच.

"पण कार्यक्रमपत्रिका छापून झाली," साहेब म्हणाले.

"असू दे," आई म्हणाली आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

गुड फ्रायडेला ती येणार नाही असंच मी धरून चालले होते. सकाळी आपणहून म्हणाली, "चल. बघू तरी कशी वाचती." म्हटलं, निदान चर्चची पायरी तरी चढतेय.

तिथं साहेबांनी नवंच काढलेलं. खिडक्यांना आणि दाराला काळं जाड कापड. समोर सात बल्ब. एक उद्गार वाचून झाला की एक बल्ब बंद. मेणबत्त्या पंख्यानं विझतात म्हणून बल्ब. सगळ्यांचे मोबाइल आधीच बंद करायला लावलेले. बाहेर एप्रिलचं ऊन, वर पत्रे, नुसती भट्टी झाली होती. तीन उद्गार झाले, तीन बल्ब गेले. गाणारी बाई कागद घेऊन उभी राहिली, घसा साफ केला, आणि लाइट गेली.

पंखे थांबले. डोळ्यांत बोट घातलं तरी दिसू नये असा काळोख. कुणाचं तरी लेकरू रडायला लागलं, कुणी बाकाला धडकलं, साहेब "वन मिनिट, वन मिनिट" म्हणत कशावर तरी आपटले. मी आईला कोपरानं ढोसलं. "आई, म्हण की. तुला पाठ आहे."

"गप बस," ती कुजबुजली. "बसू दे त्यांना बी जरा."

मला हसू आवरेना. गुड फ्रायडे, आणि मी तोंडात पदर कोंबून बसलेली.

समोरून त्या बाईचा आवाज आला. "माझ्या देवा." मग परत, "माझ्या देवा." पुढचा शब्द काही येईना. "मला काहीच दिसंना हो," ती म्हणाली, आणि तो गोड आवाज चिरकला. ती चक्क रडत होती.

माझ्या शेजारचं बाक करकरलं. आई उभी राहिली होती.

"घाबरू नको बाय," ती म्हणाली. तो आवाज मी लहानपणी उपकेंद्राच्या आतल्या खोलीतून ऐकलेला, अडलेल्या बाईला धीर देतानाचा. "घाबरू नको. तो बी अंधारातच हुता. उजेडात असता तर कशाला हाका मारल्या असत्या? म्हण माझ्यामागं. देवा, मला का सोडलंस."

बाईनं म्हटलं. मग मागून कुणीतरी म्हटलं, मग सगळ्यांनीच. मीही म्हटलं, आणि मघाचं माझं हसू कुठं गेलं कळलं नाही, मला रडू फुटलं. आईनं महिनोन् महिने जे कुणाला विचारलं नव्हतं, ते ती आता सगळ्यांदेखत ज्याला विचारायचं त्यालाच विचारत होती.

एवढ्यात कुणाला तरी दाराचं कापड सापडलं, त्यानं ते ओढून काढलं. ऊन एकदम आत आलं, सगळ्यांनी डोळ्यांवर हात धरले. राहिलेले तीन उद्गार दारात उभं राहून वाचले. संपल्यावर साहेब ओशाळून आईजवळ आले. "आजी, माझ्यामुळं फार गोंधळ झाला."

"न्हाय बाबा. आज खरे दिवे लावलेस तू."

"थँक्यू आजी," ते म्हणाले.

रिक्षा हायवेला लागली. ट्रकच्या धुरात पदर नाकाला लावून आम्ही दोघी बसलो होतो. मी विचारलं, "आधी बसू दे म्हणालीस, मग उठलीस कशाला?"

"रडायला लागली ना ती."

दवाखान्याच्या चौकात रिक्षा थांबली तेव्हा म्हणाली, "नऊ महिने अंधारात राहिल्याबिगर एक बी लेकरू माझ्या हातात आलं न्हाय. तिथं त्याला कोण सांभाळतंय? म्हणं अंधार कुणाचा! तिला सांगायचंच राहिलं बघ."

"जाऊ दे आता."

"जाऊ दे कसं? रविवारी सांगते की. माझी पांढरी साडी काढून ठिव."